न थांबणारी दुरुस्ती: शरीराचं अस्तर, संसर्ग आणि कर्करोगाचा धोका

कॉलऱ्याचा जीवाणू धडधाकट माणसाला काही तासांत कोरडाठाक पाडू शकतो. हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा दुसरा एक जीवाणू जठरात चाळीस-चाळीस वर्षं मुक्काम ठोकतो आणि बहुतेकांना त्याचा पत्ताही लागत नाही. तरी कर्करोगाच्या कारणांमध्ये कॉलऱ्याचं नाव कुठेच येत नाही. हेलिकोबॅक्टरला मात्र जागतिक आरोग्य संघटनेच्या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९४ मध्ये पहिल्या गटात घातलं. माणसाला कर्करोग होतो याचा पुरेसा पुरावा ज्यांच्याबाबत आहे, त्यांचा हा गट. तंबाखूचा धूरही त्याच गटात आहे.

जिवावर उठणारा जंतू या बाबतीत निर्दोष आणि गपगुमान बसलेला धोकादायक, हे चमत्कारिक वाटतं. पण हे दोन्ही जंतू शरीराच्या ज्या थराला भिडतात, तो थर कसा वागतो हे कळलं की कोडं उलगडतं. हा थर म्हणजे एपिथेलियम. पाठ्यपुस्तकांत त्याला अभिस्तर म्हणतात. मी इथे सरळ अस्तर म्हणेन.

शरीराचा बाहेरच्या जगाशी जिथे जिथे संबंध येतो, तिथे हे अस्तर असतं. त्वचेवर असतं हे उघडच आहे. पण तोंड, अन्ननलिका, जठर, आतडी, श्वासनलिका, मूत्राशय, गर्भाशयमुख आणि ग्रंथींच्या नळ्या या सगळ्यांना आतून तेच असतं. नीट पाहिलं तर आतड्याची पोकळी शरीराच्या आत नाहीच. तोंडापासून गुदद्वारापर्यंत जाणारी ती एक बाहेरची वाट आहे, आणि त्या वाटेवर खरं ‘आत’ सुरू होतं ते अस्तराच्या पलीकडे. पचनमार्गाचा आतला पृष्ठभाग टेनिसच्या मैदानाएवढा असतो, असं बरीच वर्षं शिकवलं जायचं. २०१४ मध्ये स्वीडनच्या दोन संशोधकांनी तो नव्याने मोजला, तेव्हा आकडा साधारण ३२ चौरस मीटरवर आला. मैदान नाही, तरी एक मोठी खोली भरेल एवढी जागा आहेच, आणि त्यातल्या बऱ्याच भागात शरीर आणि अब्जावधी जंतू यांच्यामध्ये पेशींचा केवळ एक थर असतो.

माणसाला होणाऱ्या कर्करोगांपैकी ८० ते ९० टक्के अशा अस्तराच्या पेशींतच सुरू होतात. स्तन, फुप्फुस, मोठं आतडं, जठर, गर्भाशयमुख, तोंड, प्रोस्टेट, सगळे यात आले. याची दोन कारणं नेहमी सांगितली जातात: या पेशी बाहेरच्या माऱ्याला सर्वांत आधी तोंड देतात, आणि त्या सतत विभाजित होत राहतात. दोन्ही खरी आहेत. तिसऱ्या कारणाबद्दल मात्र फारसं बोललं जात नाही, आणि मला तेच सर्वांत महत्त्वाचं वाटतं. जखम किंवा संसर्ग झाला की अस्तर ज्या पद्धतीने स्वतःला दुरुस्त करतं, त्याच पद्धतीतून पुढे कर्करोगाला वाट मिळते. ती दुरुस्ती वेळेवर संपली तर आपण वाचतो. ती वर्षानुवर्षं चालूच राहिली तर धोका वाढतो.

एका पेशीचे पाच दिवस

लहान आतड्याची आतली बाजू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली की बोटांसारखे उंचवटे दिसतात आणि त्यांच्या तळाशी खोल खळगे. प्रत्येक खळग्याच्या बुडाशी थोड्या मूलपेशी असतात. त्या ओळखण्याची खात्रीची खूण नेदरलँड्समध्ये हान्स क्लेव्हर्स यांच्या गटाला २००७ मध्ये सापडली. या मूलपेशी रोज विभाजित होतात. नवी पेशी जन्मली की शेजारणींबरोबर वर सरकू लागते, सरकता सरकता आपलं काम शिकते, कुणी अन्नरस शोषते, कुणी श्लेष्म बनवते, आणि तीन ते पाच दिवसांत उंचवट्याच्या टोकाला पोचून गळून पडते. हे चक्र आयुष्यभर अखंड चालतं. त्वचेच्या वरच्या थराला हाच प्रवास करायला सुमारे चार आठवडे लागतात.

हे गळणं म्हणजे नुसती झीज नाही, त्यातच मोठं संरक्षण आहे. वर सरकणाऱ्या एखाद्या पेशीच्या जनुकांत बिघाड झाला, तरी ती चार दिवसांत शौचावाटे बाहेर जाणार आहे. बिघाड धोक्याचा ठरतो तो खळग्याच्या बुडाशी टिकून राहणाऱ्या मूलपेशीत झाला तर, किंवा बिघडलेल्या पेशीने वर सरकायचंच नाकारलं तर. मोठ्या आतड्याच्या बहुतेक कर्करोगांत एपीसी नावाचं जनुक अगदी सुरुवातीला बिघडलेलं आढळतं, आणि त्या बिघाडाचा परिणाम हाच असतो. पेशी मूलपेशीसारखी वागत राहते, पुढे जाऊन परिपक्व होत नाही.

शेजारच्या पेशी एकमेकींना कशा धरून असतात, तेही पाहायला हवं. वरच्या कडेला क्लॉडिन नावाच्या प्रथिनांची घट्ट शिवण असते. ही प्रथिनं जपानमध्ये शोइचिरो त्सुकिता यांच्या प्रयोगशाळेत १९९८ मध्ये सापडली. दोन पेशींच्या फटीतून काय जाऊ द्यायचं आणि काय नाही, हे तीच ठरवतात. त्याच्या खाली ई-कॅडहेरिन हे प्रथिन पेशींना एकमेकींशी बांधतं. आणि सगळ्यांच्या तळाशी एक पातळ पडदा असतो, तळपटल. पुढे कर्करोगाचा विचार करताना हे पटल फार मोलाचं ठरतं.

या सगळ्यावर श्लेष्माचा थर असतो. मोठ्या आतड्यात तो दुहेरी असतो. बाहेरच्या सैल थरात जीवाणू सुखाने राहतात, आतला घट्ट थर मात्र जवळजवळ जीवाणूमुक्त असतो. स्वीडनच्या गुन्नार हान्सन यांच्या गटाने हे २००८ मध्ये दाखवलं. त्याआधी २००२ मध्ये एक प्रयोग झाला होता. हा श्लेष्म ज्या प्रथिनापासून बनतो, ते म्यूक-२ प्रथिन बनवणारं जनुकच काही उंदरांमधून काढून टाकलं. त्यांना कर्करोगकारक असं काहीही खाऊ घातलं नव्हतं, तरी त्यांच्या आतड्यात गाठी झाल्या आणि काहींत पुढे कर्करोग झाला. एवढ्या साध्या वाटणाऱ्या बुळबुळीत थरावर किती अवलंबून आहे, हे त्यावरून कळतं.

जंतू आल्यावर नेमकं काय होतं

अस्तराच्या पेशींवर जंतू ओळखणारी प्रथिनं असतात. आतड्यात तर जीवाणू कायमच असतात, मग ही प्रथिनं सतत धोक्याचा इशारा देत का नाहीत? त्याचं उत्तर ती पेशीवर कुठे बसवलेली आहेत यात आहे. जीवाणूंच्या शेपटीतलं फ्लॅजेलिन ओळखणारं टीएलआर-५ हे आतड्याच्या पेशींच्या मुख्यतः खालच्या बाजूला असतं. जीवाणू वर, श्लेष्मात आहे तोवर त्याच्याकडे लक्ष जात नाही. तोच शिवण ओलांडून खाली आला की ओळख पटते आणि इशारा जातो. शरीर ‘जंतू आहे का’ हे फारसं तपासत नाही. ‘जिथे नसायला हवा तिथे आला आहे का’ हे तपासतं. मला ही योजना विलक्षण सुंदर वाटते.

इशारा मिळाला की दोन गोष्टी बरोबरच सुरू होतात. पेशी इंटरल्युकिन-८ नावाचा निरोप्या रेणू सोडते, त्या दिशेने रक्तातल्या न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी धावून येतात. विषाणू असेल तर लॅम्डा इंटरफेरॉन सुटतं. २००३ मध्ये सापडलेल्या या रेणूचा प्रभाव मुख्यतः अस्तराच्या पेशींवरच पडतो. त्यामुळे सगळं शरीर तापाने न फणफणता स्थानिक बंदोबस्त होऊ शकतो.

तेवढ्याने भागलं नाही तर अस्तर आपल्या पेशींचा बळी देतं. साल्मोनेलाचा संसर्ग झालेल्या उंदरांच्या आतड्यात हे टप्प्याटप्प्याने पाहिलं गेलं आहे. जीवाणू पेशीच्या आत शिरतो. पेशीतली एक यंत्रणा त्याला ओळखते आणि पेशी मरणाच्या वाटेला लागते. पण ती जागच्या जागी फुटली, तर तिथे भोक पडेल आणि जीवाणू खाली उतरतील. म्हणून शेजारच्या पेशी तिच्याभोवती आकुंचन पावणारं कडं आवळतात. खालून वर दाबून तिला पोकळीच्या बाजूला ढकलून देतात आणि ढकलता ढकलताच आपल्या कडा एकमेकींना जोडून घेतात. पेशी बाहेर, तिच्यासोबत जीवाणूही बाहेर, आणि मध्ये फट अशी राहतच नाही.

हीच युक्ती मूत्राशय वापरतं, पण तिथे तिची किंमत मोजावी लागते. ई. कोलाय जीवाणूंचा संसर्ग झाला की मूत्राशयाच्या अस्तरातल्या सर्वांत वरच्या मोठ्या पेशी गळतात आणि लघवीवाटे जातात. त्यांच्याबरोबर पुष्कळ जीवाणूही जातात. पण त्यामुळे खालच्या कोवळ्या पेशी उघड्या पडतात आणि उरलेले काही जीवाणू त्यांच्यात शिरून दडून बसतात. वारंवार उलटणाऱ्या मूत्रसंसर्गामागे हे एक कारण असावं, असं उंदरांवरच्या प्रयोगांवरून दिसतं.

पेशी गेल्यावर जागा भरायची असते. त्यासाठी विभाजनाची वाट पाहिली जात नाही. आधी कडेच्या पेशी चपट्या होऊन पसरतात आणि उघडी जागा झाकतात. हे काम काही मिनिटांत सुरू होतं, काही तासांत उरकतं. मग खळग्यातल्या मूलपेशींना वेग वाढवण्याचा निरोप जातो. प्रतिकारपेशी इंटरल्युकिन-२२ सोडतात. त्याने पेशींचं विभाजन वाढतं, श्लेष्म वाढतं, जंतुनाशक प्रथिनं वाढतात. थोडक्यात, पसरा, वाढा, मरू नका, असा आदेश सुटतो. भोक बुजलं की हा आदेश मागे घेतला जातो, दाह, म्हणजे प्रतिकारपेशींच्या धावपळीने आलेली सूज, ओसरतो, पेशी आपल्या रोजच्या चालीवर येतात.

आता कॉलरा घ्या. त्याचं विष पेशी फोडत नाही. ते पेशीतला क्लोराइडचा मार्ग उघडा ठेवायला भाग पाडतं, आणि क्षारांमागोमाग पाणी वाहत जातं. अस्तर बऱ्याच अंशी शाबूत राहतं. क्षार-साखरेचं पाणी वेळेवर मिळालं तर रुग्ण वाचतो, काही दिवसांत संसर्ग संपतो आणि तोवर आतड्याची ती पेशीही गळून गेलेली असते. मागे न संपलेलं असं काही राहत नाही.

आदेश मागे घेतलाच गेला नाही तर

जर्मन विकृतिशास्त्रज्ञ रुडॉल्फ फिरखो यांना १८६३ मध्ये गाठींमध्ये पांढऱ्या रक्तपेशी आढळल्या आणि जुनाट दाहाचा कर्करोगाशी संबंध असावा, असं त्यांनी मांडलं. पुढे १९८६ मध्ये अमेरिकेतले हॅरल्ड ड्वोराक यांनी गाठीला कधीही न भरणारी जखम म्हटलं. नव्या रक्तवाहिन्या, धावून आलेल्या प्रतिकारपेशी, वाढीचे निरोप, हे सगळं भरणाऱ्या जखमेतही असतं आणि गाठीतही असतं. फरक एवढाच की गाठीत ते थांबत नाही.

कापड एकाच जागी पुन्हा पुन्हा उसवलं आणि पुन्हा पुन्हा रफू केलं की मूळ वीण हरवते. तसंच इथे होतं. प्रत्येक विभाजनात डीएनएची नक्कल होते, आणि नक्कल करताना चुका होतात. वर न्यूट्रोफिल आणि मॅक्रोफेज पेशी जंतूंना मारण्यासाठी जे जहाल ऑक्सिजन-संयुग सोडतात, त्याने आपल्याच पेशींचा डीएनएही दुखावतो. म्हणजे चुका वाढतात, आणि नेमक्या त्याच वेळी ‘मरू नका’ हा आदेश चालू असल्याने चुकलेल्या पेशी मरतही नाहीत. इंटरल्युकिन-२२ सारखा तारक रेणू अशा वेळी गाठीलाही बळ देतो, असं आतड्याच्या अभ्यासांत दिसलं आहे.

आणखी एक गोष्ट या सगळ्यापेक्षा ठळक दिसते. सततच्या माऱ्याखाली अस्तर आपली जातच बदलतं. धूम्रपान करणाऱ्याच्या श्वासनलिकेत केसाळ पेशींच्या जागी त्वचेसारख्या चपट्या पेशींचा थर येतो. आम्ल वर येत राहिलं तर अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला आतड्यासारखं अस्तर तयार होतं, त्याला बॅरेटची अन्ननलिका म्हणतात. नवं अस्तर त्या त्रासाला जास्त सोसतं, म्हणून हा बदल त्या क्षणी शहाणपणाचाच असतो. पण ते त्या जागेचं नसतं, आणि पुढच्या बिघाडाला तिथे जास्त वाव मिळतो.

हेलिकोबॅक्टरची वाटचाल हीच आहे. ऑस्ट्रेलियातल्या बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी १९८२ मध्ये तो प्रयोगशाळेत वाढवला. जठराच्या आम्लात जंतू जगत नाहीत, असं तेव्हा मानलं जाई. लोकांना पटेना, म्हणून मार्शल यांनी १९८४ मध्ये त्याचं द्रावण स्वतः प्यायलं आणि त्यांना जठरदाह झाला. २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. हा जीवाणू यूरिएज नावाच्या विकराच्या मदतीने अमोनिया बनवतो, त्याने भोवतालचं आम्ल मवाळ होतं, आणि मग तो श्लेष्मात घुसून पेशींजवळ जाऊन बसतो. त्याचे काही प्रकार सुईसारख्या नळीतून कॅग-ए नावाचं प्रथिन थेट पेशीत टोचतात. ते पेशींमधली घट्ट शिवण विसकटतं आणि पेशीच्या वाढीच्या निरोपांत ढवळाढवळ करतं. प्रतिकारपेशी येतात, पण श्लेष्मातल्या जीवाणूला हुसकू शकत नाहीत. दाह सुरूच राहतो. वर्षं जातात तसं जठराचं अस्तर झिजतं, आम्ल बनवणाऱ्या पेशी कमी होतात, त्यांच्या जागी आतड्यासारखं अस्तर येतं, मग पेशींची ठेवण बिघडते आणि शेवटी काही जणांत कर्करोग होतो. हे टप्पे कोलंबियात जन्मलेले विकृतिशास्त्रज्ञ पेलायो कोरिया यांनी मांडले. या प्रवासाला दशकं लागतात. संसर्ग झालेल्यांपैकी फार तर एक ते तीन टक्के लोक शेवटच्या टप्प्यापर्यंत पोचतात. जीवाणूचा प्रकार, धूम्रपान, फार खारट आहार आणि अनुवंशिकता यांवर बरंच ठरतं.

आवाज न करणारा विषाणू

दाहाशिवायही ही वाट उघडू शकते. ह्युमन पॅपिलोमा विषाणू, म्हणजे एचपीव्ही, याची रीत पाहिली की मी दर वेळी थक्क होते. गर्भाशयमुखावर एक जागा अशी असते जिथे योनीकडचं अनेक थरांचं अस्तर संपतं आणि आतलं एक थराचं सुरू होतं. तारुण्यापासून ही सीमा सरकत असते, एका जातीच्या पेशी दुसरीची जागा घेत असतात. तिथे सूक्ष्म ओरखडा पडला की विषाणू सर्वांत खालच्या पेशींपर्यंत पोचतो. तिथे तो जवळजवळ काहीच करत नाही. पेशी वर सरकू लागली की तो तिच्याबरोबर वर जातो, वरच्या थरात पोचल्यावर भराभर आपल्या प्रती काढतो, आणि पेशी नेहमीसारखी गळून पडली की तिच्यातून बाहेर पडतो. पेशी फुटत नाही, दाह होत नाही, विषाणू रक्तात फिरत नाही. प्रतिकारयंत्रणेला जागं करेल असं फारसं काही घडतच नाही.

अडचण एकच आहे. वर सरकणारी पेशी विभाजन थांबवते, आणि विषाणूला तर नकला काढायला विभाजनाची सामग्री हवी असते. म्हणून तो ई-६ आणि ई-७ ही दोन प्रथिनं वापरतो. ई-७ विभाजनावरचा लगाम सोडवतं. ई-६ पेशीतलं पी-५३ नष्ट करवतं. हे पी-५३ बिघडलेल्या पेशीला थांबवतं किंवा मारतं. बहुतेकींच्या बाबतीत प्रतिकारशक्तीला उशिरा का होईना पत्ता लागतो आणि दोन वर्षांत दहापैकी नऊ संसर्ग आपोआप आटोक्यात येतात. राहिलेल्यांपैकी काहींत विषाणूचा डीएनए पेशीच्या डीएनएत जाऊन बसतो, ई-६ आणि ई-७ बेलगाम तयार होत राहतात. विषाणूच्या दृष्टीनेही हा शेवटच असतो, कारण अशा पेशीतून नवे विषाणू बाहेर पडत नाहीत. हाराल्ड त्सुर हाउझेन यांच्या गटाने १९८३ आणि १९८४ मध्ये गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या गाठींमध्ये एचपीव्हीचे प्रकार १६ आणि १८ शोधून काढले. गर्भाशयमुखाचे सुमारे ७० टक्के कर्करोग या दोघांमुळे होतात. २००८ मध्ये त्सुर हाउझेन यांना नोबेल मिळालं.

२०१८ मध्ये जगभर नव्याने झालेल्या कर्करोगांपैकी सुमारे २२ लाख, म्हणजे १३ टक्के, संसर्गामुळे झाले असा अंदाज आहे. त्यांत हेलिकोबॅक्टरचे ८ लाख १० हजार आणि एचपीव्हीचे ६ लाख ९० हजार. बाकीच्यांत यकृताला ग्रासणारे हिपॅटायटिस बी आणि सी मुख्य. मूत्राशयाच्या भिंतीत अंडी घालणारा एक शिस्टोसोमा कृमीही या यादीत आहे. आणि काही ई. कोलाय जीवाणू कोलिबॅक्टिन नावाचं द्रव्य बनवतात, ते तर थेट डीएनएवरच घाव घालतं. त्या घावाची ठरावीक खूण माणसाच्या आतड्याच्या कर्करोगांत सापडल्याचं २०२० मध्ये दिसून आलं.

बिघडलेली पेशी म्हणजे कर्करोग नव्हे

इथवर वाचून धास्ती वाटली असेल, तर अस्तराची दुसरी बाजूही सांगायला हवी. २००९ मध्ये यासुयुकी फुजिता यांच्या गटाने निरोगी पेशींच्या थरात कर्करोगाला कारण होणाऱ्या रास जनुकाच्या थोड्या पेशी मिसळल्या. शेजारच्या निरोगी पेशींनी त्यांना वर ढकलून बाहेर काढलं, अगदी संसर्ग झालेल्या पेशीला काढतात तसंच. सगळ्याच पेशी रासवाल्या असल्या तर मात्र काहीच घडत नसे. म्हणजे हकालपट्टी घडते ती निरोगी शेजारामुळे. २०१८ मध्ये त्याच गटाला आढळलं की चरबीयुक्त आहारावर लठ्ठ केलेल्या उंदरांत ही हकालपट्टी मंदावते, आणि त्यामागे दाहाचाही हात असतो.

त्याच वर्षी निरोगी अन्ननलिकेची तपासणी प्रसिद्ध झाली. मध्यम वयापर्यंत तिच्या अस्तराचा मोठा भाग नॉच-१ या जनुकात बदल झालेल्या पेशींनी व्यापलेला होता, आणि त्या माणसांना कर्करोग नव्हता. २०२१ मध्ये उंदरांवरच्या एका प्रयोगात तर असे बदललेले, पण निरुपद्रवी पेशीसमूह शेजारी उगवणाऱ्या बारीक गाठींना रेटून संपवताना दिसले. बिघाड आपल्या सगळ्यांच्या अस्तरात आहेत. ते पुढे जातात का, हे शेजारच्या पेशी, दाह आणि वेळ यांवर बरंच अवलंबून असतं.

पेशींनी एकमेकींना धरून राहणं किती मोलाचं आहे, हे न्यूझीलंडच्या एका माओरी कुटुंबाने जगाला दाखवून दिलं. त्या कुटुंबात पिढ्यान्‌पिढ्या तरुण वयात जठराचा कर्करोग होत असे. १९९८ मध्ये त्याचं कारण सापडलं, ते ई-कॅडहेरिनच्या जनुकातला बिघाड. आणि तळपटलाचं महत्त्व इथेच आहे. बिघडलेल्या पेशी त्याच्या वर आहेत तोवर त्या भागापुरती शस्त्रक्रिया करून रोग पूर्ण काढता येतो. पटल फोडून खाली उतरल्या की रक्त आणि लसिकावाहिन्यांची वाट त्यांना मोकळी होते. तपासणी लवकर करा असं डॉक्टर कळकळीने सांगतात, ते या पटलासाठी.

मग करायचं काय

‘गळकं आतडं’ दुरुस्त करण्याच्या नावाखाली विकल्या जाणाऱ्या पावडरी आणि गोळ्यांपासून लांब राहा, हे मी स्पष्टच सांगेन. अस्तराची शिवण सैल होणं ही खरी घटना आहे, पण ती आतड्याच्या दाहाच्या आजारांत, गव्हातल्या ग्लूटेनमुळे होणाऱ्या सीलिअॅक आजारात, काही संसर्गांत मोजली गेली आहे. थकवा, डाग आणि वजनवाढ या सगळ्याचं मूळ तेच, असं सांगून विकल्या जाणाऱ्या मिश्रणांनी कर्करोग टळतो असा पुरावा नाही. पुरावा ज्याचा आहे त्या गोष्टी जुन्याच आहेत: तंबाखू कुठल्याही रूपात नको, दारू जितकी कमी तितकं बरं, वजन आटोक्यात ठेवावं.

जठरात व्रण झाला असेल किंवा आई-वडील, भावंडांपैकी कुणाला जठराचा कर्करोग झाला असेल, तर हेलिकोबॅक्टरची तपासणी डॉक्टरांना विचारून घ्या. ती श्वासावरून किंवा शौचाच्या नमुन्यावरून होते. उपचारात आम्ल कमी करणारं औषध आणि निदान दोन प्रतिजैविकं असतात, साधारण दोन आठवडे. ती अर्धवट सोडू नका, आणि संपल्यावर जीवाणू खरंच गेला का हे पुन्हा तपासा. अस्तराने जात बदलण्याआधी तो गेला तर फायदा सर्वाधिक असतो. अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याच्या जुनाट दाहाचा आजार, असणाऱ्यांनी आजार सुरू झाल्यापासून साधारण आठ वर्षांनी दुर्बिणीची नियमित तपासणी सुरू करायची असते, त्रास नसला तरी. बॅरेटच्या अन्ननलिकेलाही अशीच देखरेख लागते. तोंडातला जो व्रण तीन आठवड्यांत भरत नाही, शौचातून जाणारं रक्त, गिळताना अडकणं, संबंधानंतर किंवा पाळी बंद झाल्यानंतर होणारा रक्तस्राव, यांत घरगुती उपायांत वेळ घालवू नका.

एचपीव्हीची लस ९ ते १४ या वयात द्यायला सांगतात, त्याचं कारण आता सहज कळेल. लस विषाणूला खालच्या पेशीत शिरण्याआधी अडवते; आत शिरलेल्याला ती काढू शकत नाही. इंग्लंडमध्ये १२-१३ व्या वर्षी लस मिळालेल्या मुलींमध्ये गर्भाशयमुखाचा कर्करोग ८७ टक्क्यांनी घटल्याचं २०२१ मध्ये जाहीर झालं. लस सगळ्या प्रकारांवर चालत नाही, म्हणून लस घेतलेल्यांनीही पुढे तपासणी करायचीच असते. आणि लस ज्यांच्या वेळी नव्हती, त्यांच्या हातात वेळ आहे: संसर्गापासून कर्करोगापर्यंत सहसा १५ ते २० वर्षं जातात, प्रतिकारशक्ती दुबळी असेल तर ५ ते १०. ३० वर्षांनंतर एचपीव्हीची चाचणी केली, तर पेशी तळपटलाच्या वर असतानाच सापडतात आणि तेवढाच भाग काढून टाकता येतो. हे बहुतेक वेळा बाह्यरुग्ण विभागातच होतं, आणि त्याच दिवशी घरी जाता येतं.